तात्पुरती सोय: घरच्या राउटरमधील पत्तेबदलाची तीस वर्षे

१/
नेटवर्कची देखभाल करणाऱ्या माणसाने तीन तक्रारी कधी ना कधी ऐकलेल्या असतात. दूरच्या संगणकाशी जोडणी झाली, पण जेवून परत येईपर्यंत ती गोठली. फाइल-सर्व्हरने पासवर्ड स्वीकारला, पण फाइलींची यादी काही येईना. इंटरनेटवरून फोन लागला, आपला आवाज पलीकडे पोचतो, पलीकडचा मात्र आपल्याला ऐकू येत नाही.
तार शाबूत असते आणि दोन्ही टोकांचे संगणक निर्दोष असतात. दोष दडलेला असतो मधल्या राउटरमध्ये. हा राउटर १९९४ साली ‘अल्पकालीन उपाय’ म्हणून मांडलेल्या एका कल्पनेवर चालतो. आजचा धागा त्या कल्पनेचा इतिहास सांगणारा आहे.

२/
प्रथम मूळ रचना पाहू. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी मे १९७४ मध्ये निरनिराळी जाळी एकमेकांना जोडण्याची पद्धत मांडली. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेली आयपी आणि टीसीपी यांची प्रमाण विवरणे प्रसिद्ध झाली. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने जुना नियमसंच सोडून हा नवा स्वीकारला.
यात कामांची वाटणी स्पष्ट होती. पॅकेट योग्य संगणकापर्यंत नेणे हे आयपीचे काम. ते संगणकावरच्या योग्य प्रोग्रॅमपर्यंत, क्रमाने आणि न हरवता पोचवणे हे टीसीपीचे. संगणकाची ओळख म्हणजे आयपी पत्ता आणि प्रोग्रॅमची ओळख म्हणजे पोर्ट क्रमांक. दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट, असे चार आकडे मिळून एका जोडणीची ओळख ठरे.

३/
या वाटणीमागे एक तत्त्व होते. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात ते नेमकेपणाने मांडले: शहाणपण टोकांवर असावे, मधले जाळे साधे ठेवावे. टपाल खात्याने पाकिटावरचा पत्ता वाचावा, आतले पत्र वाचू नये, असाच हा दंडक.
याचा परिणाम फार मोठा होता. आयपीच्या शीर्षकात, आत कोणता वाहतूक-नियम आहे हे सांगणारा एक आठ बिटांचा रकाना असतो. टीसीपीचा क्रमांक ६, यूडीपीचा १७. उद्या कोणी नवा नियम रचला, तर नवा क्रमांक घ्यावा आणि दोन टोकांवर तो बसवावा. मधल्या एकाही राउटरची परवानगी लागणार नव्हती. पुढे काय हरवले ते समजण्यासाठी हे स्वातंत्र्य लक्षात ठेवावे लागेल.

४/
आता उणीव पाहू. पत्ता ३२ बिटांचा होता, म्हणजे एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते. जाळे प्रयोगावस्थेत असताना हा आकडा अमाप वाटला, यात नवल नाही.
खरी अडचण वाटपाची होती. पत्ते ठोक गठ्ठ्यांत दिले जात. ‘क’ वर्गाच्या गठ्ठ्यात २५६ पत्ते, ‘ब’ वर्गात ६५,५३६. एखाद्या मध्यम विद्यापीठाला २५६ अपुरे पडत, म्हणून ते ६५,५३६ चा गठ्ठा मागे आणि त्यातले बहुतेक पत्ते पडून राहत. ‘ब’ वर्गाचे गठ्ठे मुळात १६,३८४ च होते. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हे गठ्ठे संपणार, अशी भीती अभियंत्यांत पसरली.

५/
उपाय तीन दिशांनी शोधले गेले. सप्टेंबर १९९३ मध्ये वर्ग मोडून हव्या त्या आकाराचे गठ्ठे देण्याची पद्धत प्रमाणित झाली. दूरचा उपाय म्हणून अधिक लांब पत्त्यांचा नवा नियम रचणे सुरू झाले. डिसेंबर १९९५ मध्ये १२८ बिटांच्या पत्त्यांचा आयपीव्ही६ कागदावर आला.
मधल्या काळासाठी तिसरा उपाय होता. जानेवारी १९९३ मध्ये पॉल त्सुचिया आणि टोनी एंग यांनी तेच पत्ते अनेक ठिकाणी पुन्हा वापरण्याची कल्पना मांडली. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांच्या नावे आरएफसी १६३१ हा दस्तऐवज निघाला. ‘नेटवर्क अॅड्रेस ट्रान्सलेटर’, म्हणजे नॅट, ही संज्ञा त्यातली.

६/
इतिहासाच्या अभ्यासकांसाठी एक बारकावा. पॉल त्सुचिया आणि पॉल फ्रान्सिस ही एकच व्यक्ती आहे. नाव पुढे बदलले. याच गृहस्थांनी त्या काळात ‘पिप’ नावाचा एक नवा आयपीही सुचवला होता. त्यातल्या कल्पना पुढे आयपीव्ही६ कडे जाणाऱ्या प्रवाहात मिसळल्या.
म्हणजे तात्पुरता उपाय सुचवणारा माणूस कायमच्या उपायावरही काम करत होता. नॅट हे अज्ञानातून आलेले नव्हते. दस्तऐवजात त्याचे दोषही नोंदवलेले आहेत. नवा पूल बांधून होईपर्यंत चालवायची नाव, असाच तो प्रस्ताव होता.

७/
कल्पना समजून घेण्यासाठी गिरगावातली एखादी चाळ डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक चाळीत ‘खोली क्रमांक ७’ असतेच, त्यामुळे केवळ त्या क्रमांकावर टपाल येऊ शकत नाही. बाहेरच्या जगाला चाळीचा एकच पत्ता ठाऊक. दारावर एक कारकून बसला आहे. आतून कोणी पत्र धाडले की तो पाठवणाऱ्याची खोली खोडून चाळीचा पत्ता घालतो आणि वहीत नोंद करतो. उत्तर आले की वही पाहून ते योग्य खोलीत देतो.
ज्याने आधी पत्र पाठवले नाही, त्याच्यासाठी वहीत ओळ नसते. त्याच्या नावे बाहेरून आपणहून आलेले पत्र कारकून केराच्या टोपलीत टाकतो.

८/
आतल्या खोल्यांना कोणते क्रमांक द्यायचे? मार्च १९९४ मध्ये तीन गट खाजगी वापरासाठी राखण्याची सूचना आली. १० ने सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते, १७२.१६ पासूनचे १०,४८,५७६ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६. यातला १० हा क्रमांक मूळचा आर्पानेटचा. आर्पानेट १९९० मध्ये बंद झाले आणि तो मोकळा झाला.
जुलै १९९४ मध्ये चार अभियंत्यांनी या सूचनेवर कडक टीका केली. पत्ता जगात एकमेव असणे हाच इंटरनेटचा पाया आहे आणि तो आपण खणतो आहोत, हा त्यांचा मुद्दा. दोन संस्था उद्या एकत्र आल्या की एकाच क्रमांकाचे दोन संगणक समोरासमोर येतील, असेही त्यांनी बजावले. फेब्रुवारी १९९६ च्या सुधारित दस्तऐवजात धोके आणि फायदे दोन्ही नोंदले गेले. टीकाकारांपैकी एलियट लिअर त्याच्या लेखकांत होते.

९/
कागदावरची कल्पना बाजारात वेगाने आली. १९९४ मध्येच ‘पिक्स’ नावाचे नॅट करणारे उपकरण तयार झाले आणि १९९५ मध्ये सिस्को कंपनीने ते बनवणारी कंपनी विकत घेतली. लिनक्समध्ये हीच सोय ‘मास्करेडिंग’, म्हणजे मुखवटा चढवणे, या नावाने आली. १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एका संगणकाची जोडणी घरातल्या सगळ्यांना वाटून देण्याची सोय होती.
आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने जनतेसाठी इंटरनेट खुले केले. पुढे गावोगावी सायबर कॅफे निघाले. एक जोडणी आणि तिच्यावर दहा-बारा संगणक, हे गणित पत्त्यांच्या किंवा जोडणीच्या अशा वाटपाशिवाय जुळलेच नसते.

१०/
मात्र या प्रसारात मूळ कल्पना बदलली होती. सुरुवातीच्या रूपात एका आतल्या पत्त्याला त्या वेळेपुरता एक बाहेरचा पत्ता मिळे. घरच्या राउटरकडे बाहेरचा पत्ता एकच असतो. मग आतले दहा संगणक वेगळे कसे ओळखायचे? पोर्ट क्रमांक बदलून.
समजा आतला १९२.१६८.१.५ हा संगणक पोर्ट ४०,००० वरून जोडणी करतो. राउटर त्याला बाहेरच्या पत्त्यावरचा पोर्ट ६१,००० देतो आणि जोडी तक्त्यात लिहितो. पण पोर्ट क्रमांक आयपीच्या शीर्षकात नसतो. तो टीसीपीच्या किंवा यूडीपीच्या शीर्षकात असतो. म्हणजे तो बदलण्यासाठी पाकीट उघडावे लागते. टपाल खात्याचा जुना दंडक या ठिकाणी मोडला.

११/
गुंतागुंत एवढ्यावर थांबत नाही. पॅकेट वाटेत बिघडले का, हे तपासण्यासाठी टीसीपी एक बेरीज सोबत पाठवतो. तिला चेकसम म्हणतात. या बेरजेत आयपी पत्तेही मिळवलेले असतात, कारण पॅकेट भलत्याच संगणकाकडे गेले तर ते कळावे. राउटरने पत्ता बदलला की बेरीज चुकते. म्हणून राउटरला तीही दुरुस्त करावी लागते.
याचा अर्थ असा की राउटरला टीसीपीची अंतर्रचना ठाऊक असलीच पाहिजे. ज्या वाहतूक-नियमाची रचना त्याला ठाऊक नाही, त्याची पॅकेटे तो नीट हाताळू शकत नाही. या निष्कर्षाकडे आपण पुन्हा येऊ.

१२/
आता पहिल्या पोस्टमधल्या तक्रारी. फाइलींची यादी का आली नाही? एफटीपी या नियमाचे विवरण ऑक्टोबर १९८५ चे, नॅटच्या नऊ वर्षे आधीचे. यात ग्राहक आपला पत्ता संदेशाच्या मजकुरात लिहून कळवतो आणि सर्व्हर त्या पत्त्यावर दुसरी जोडणी करतो. मजकुरात ‘१०,०,०,५’ असा खाजगी पत्ता गेला, तर सर्व्हर तेथे कसा पोचणार?
म्हणून राउटर मजकूरही वाचू आणि बदलू लागले. समजा आठ अक्षरांच्या जागी ‘२०३,०,११३,२७’ ही बारा अक्षरे आली. टीसीपी प्रत्येक बाइट मोजतो, त्यामुळे त्या जोडणीतला पुढचा प्रत्येक अनुक्रमांक चारने सरकवावा लागतो आणि परतीच्या पोचपावत्यांतून चार वजा करावे लागतात. संदेश कूटबद्ध असेल तर राउटरला काहीच करता येत नाही. शहाणा उपाय म्हणजे दुसरी जोडणीही ग्राहकानेच आतून सुरू करणे. फेब्रुवारी १९९४ मध्ये फायरवॉलसाठी हीच पद्धत सुचवली गेली होती.

१३/
जोडणी गोठली का? कारकुनाची वही मर्यादित आहे. बराच वेळ हालचाल दिसली नाही की तो ओळ खोडतो. टीसीपीच्या मूळ रचनेत मात्र शांत बसलेली जोडणी जिवंतच असते. दोन्ही टोकांना ती चालू वाटते; मधला विसरून गेलेला असतो.
ऑक्टोबर १९८९ च्या नियमाप्रमाणे जोडणी जागी ठेवणारा टीसीपीचा संदेश, वापरलाच तर, मुळात दोन तासांनी जातो. म्हणून ऑक्टोबर २००८ मध्ये नॅटसाठी नियम झाला: स्थिर झालेल्या टीसीपी जोडणीची नोंद २ तास ४ मिनिटांच्या आत पुसू नये. ही वरची चार मिनिटे वाटेतल्या पॅकेटांसाठी. यूडीपीसाठी जानेवारी २००७ चा नियम किमान दोन मिनिटांचा. घरोघरचे अनेक राउटर हे नियम होण्याआधीच बसले होते आणि नंतरचेही सगळेच ते पाळत नव्हते. म्हणून उपाय टोकांनाच करावा लागतो: जागे ठेवणारा संदेश काही मिनिटांनी, यूडीपीवर तर काही सेकंदांनी पाठवणे.

१४/
दोष शोधण्याच्या साधनांनाही इतिहास आहे. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये पिंग लिहिले. व्हॅन जेकबसन यांचे ट्रेसराउट १९८७ चे, आणि लगेच पुढे पॅकेटे पकडून दाखवणारे टीसीपीडम्प आले. ही साधने एका गृहीतकावर उभी होती: पॅकेट वाटेत कुठेही पकडले तरी त्याचा पत्ता तोच असेल.
नॅटने हे गृहीतक मोडले. आता निदान करणारा राउटरच्या दोन्ही बाजूंना पॅकेटे पकडतो आणि दोन नोंदी शेजारी ठेवतो. आतून निघालेली जोडणीची विनंती बाहेर दिसली का? दिसली तर कोणत्या पोर्टवर? उत्तर बाहेरच्या नोंदीत आहे पण आतल्या नोंदीत नाही, तर तक्त्यातली ओळ पुसली गेली आहे. विनंती बाहेर पडलीच नाही, तर दोष राउटरच्या नियमांत. दोन बखरी ताडून पाहणाऱ्या इतिहाससंशोधकाचेच हे काम आहे.

१५/
एक फसवा दोष असा: छोटी पाने उघडतात, मोठी अडकतात. वाटेतल्या एखाद्या दुव्यातून मोठे पॅकेट जात नाही. तेथला राउटर ‘आकार कमी करा’ असा आयसीएमपी संदेश मागे धाडतो. या संदेशात मूळ पॅकेटच्या शीर्षकाची प्रत असते आणि त्यावर नॅटने घातलेला बाहेरचा पत्ता असतो. राउटरने त्या आतल्या प्रतीचेही भाषांतर केले, तरच पाठवणाऱ्याला संदेश ओळखीचा वाटतो. ते झाले नाही, किंवा वाटेत कोणी असे संदेशच अडवले, तर पाठवणारा मोठी पॅकेटे पाठवत राहतो आणि ती विरत राहतात.

१६/
तिसरी तक्रार एकतर्फी आवाजाची. इंटरनेटवरील फोनसाठीच्या एसआयपी नियमाचे जून २००२ चे विवरण आजही आधारभूत आहे. फोन जुळवताना ‘माझा आवाज या पत्त्यावर पाठव’ असे संदेशाच्या मजकुरात लिहिलेले असते. तेथे खाजगी पत्ता गेला की पलीकडचा आवाज वाटेतच हरवतो. आपला आवाज मात्र जातो, कारण पलीकडचा पत्ता खरा असतो.
मार्च २००३ मध्ये यावर स्टन नावाचा उपाय आला. बाहेरच्या सर्व्हरला विचारायचे, ‘मी तुला कोणत्या पत्त्यावरून दिसतो?’ आरशात पाहण्यासारखेच हे. या दस्तऐवजाने नॅटचे चार प्रकारही पाडले. पण प्रत्यक्षातली उपकरणे त्या चौकटींत बसेनात. ऑक्टोबर २००८ च्या नव्या आवृत्तीत वर्गीकरण वगळले गेले. लघुनाम तेच ठेवून पूर्ण नाव बदलले: आधी तो ‘नॅट पार करण्याचा सोपा मार्ग’ होता, आता नुसती ‘साधने’ उरली.

१७/
दोन्ही टोके नॅटच्या मागे असतील तर? मग दोघांनी एकाच वेळी एकमेकांना पॅकेट पाठवायचे, म्हणजे दोन्ही कारकुनांच्या वहीत ओळ तयार होते. यालाच छिद्र पाडणे म्हणतात. २००५ च्या एका शोधनिबंधात ब्रायन फोर्ड, प्यदा श्रीसुरेश आणि डॅन केगल यांनी तपासलेल्या नॅटपैकी सुमारे ८२ टक्क्यांत हे यूडीपीवर साधले, टीसीपीवर सुमारे ६४ टक्क्यांत.
उरलेल्यांसाठी मध्यस्थ सर्व्हरमार्फत सगळी वाहतूक नेण्याची टर्न पद्धत आहे. दोन घरांनी थेट बोलायचे, तर आधी तिसऱ्याची मदत घ्यावी लागते. प्रत्येक टोक समान असलेल्या जाळ्याचे हे बदललेले रूप होते.

१८/
आता या इतिहासातला सर्वांत कमी सांगितला गेलेला भाग. ऑक्टोबर २००० मध्ये एससीटीपी नावाचा नवा वाहतूक-नियम प्रसिद्ध झाला. दूरध्वनी यंत्रणेचे संकेत इंटरनेटवरून नेण्यासाठी तो रचला होता, पण त्याचे गुण सर्वांच्या उपयोगाचे होते. एका जोडणीत अनेक स्वतंत्र प्रवाह, म्हणजे एक अडला तरी दुसरे अडत नाहीत. एका संगणकाचे दोन पत्ते एकाच जोडणीत, म्हणजे एक तार तुटली तरी संवाद चालू. २००६ मध्ये डीसीसीपी हा आणखी एक नियम आला. हरवलेले पॅकेट पुन्हा न मागणाऱ्या, पण गर्दीचे भान ठेवणाऱ्या वाहतुकीसाठी.
१९८४ च्या तत्त्वाप्रमाणे दोघांना फक्त नवे क्रमांक घ्यायचे होते. एससीटीपीला १३२ मिळाला, डीसीसीपीला ३३.

१९/
घरच्या राउटरला मात्र ६ आणि १७ एवढेच ठाऊक होते. २०१० मध्ये संशोधकांनी घरगुती वापराचे ३४ राउटर प्रयोगशाळेत तपासले. एससीटीपी त्यांपैकी १८ मधून गेला. डीसीसीपी एकातूनही गेला नाही.
हा फरक का? काही राउटर अनोळखी नियमाच्या पॅकेटचा फक्त आयपी पत्ता बदलून ते पुढे ढकलतात. एससीटीपीच्या तपासणी-बेरजेत आयपी पत्ते नसतात, म्हणून ती चुकत नाही. डीसीसीपीच्या बेरजेत ते असतात. पलीकडचे टोक पॅकेटला बिघडलेले समजून टाकून देते. त्या १८ राउटरांतले यशही अपुरे होते. पोर्ट न बदलता केवळ पत्ता बदलला, तर घरातल्या दुसऱ्या संगणकाने त्याच सर्व्हरशी एससीटीपीने बोलायचे ठरवले की उत्तर कोणाचे हे कळायला मार्ग नाही.

२०/
या दोन नियमांवर कोणी बंदी घातली नव्हती, त्यांच्याविरुद्ध ठरावही झाला नव्हता. जगभरच्या कोट्यवधी डब्यांना ते ठाऊक नव्हते, एवढेच. आणि त्या डब्यांतली आज्ञावली सहसा कोणी बदलत नाही. नवा नियम वापरणारे नाहीत म्हणून राउटर-निर्माते त्याची सोय करत नाहीत. सोय नाही म्हणून वापरणारे येत नाहीत. अभियंते या अवस्थेला ‘जाळ्याचे हाडीकरण’ म्हणतात: लवचीक कूर्चेचे हाड झाले.
२०११ मध्ये २४ देशांतल्या १४२ जाळ्यांची पाहणी झाली. प्रश्न होता: टीसीपीमध्ये तरी आता भर घालता येईल का? उत्तर होते, येईल, पण मधल्या डब्यांना सांभाळूनच. एका जोडणीत अनेक मार्ग वापरणारा मल्टिपाथ टीसीपी जानेवारी २०१३ मध्ये आला, तो पूर्णपणे नेहमीच्या टीसीपीसारखा दिसेल अशी काळजी घेऊन. पत्ता वाटेत बदलणार हे गृहीत धरून त्यात प्रत्येक पत्त्याला वेगळा ओळख-क्रमांक दिलेला आहे.

२१/
उरला मार्ग वेषांतराचा. एससीटीपी यूडीपीच्या पोटात घालून पाठवण्याची पद्धत मे २०१३ मध्ये प्रमाणित झाली. ब्राउझरमधून थेट संवाद साधणाऱ्या वेबआरटीसीत माहितीची वाहतूक आजही एससीटीपीच करतो, यूडीपीच्या आत कूटबद्ध होऊन.
सर्वांत यशस्वी वेषांतर क्विकचे. गूगलमध्ये २०१२ च्या सुमारास त्याची रचना झाली आणि मे २०२१ मध्ये तो आरएफसी ९००० म्हणून प्रमाणित झाला. अनेक स्वतंत्र प्रवाह ही एससीटीपीतली कल्पना येथेही आहे. राउटरला तो साधा यूडीपी दिसतो. जोडणीची ओळख पत्ते आणि पोर्ट यांवर नसून आतल्या एका ओळख-क्रमांकावर असते, त्यामुळे नॅटने मध्येच पोर्ट बदलला तरी संवाद तुटत नाही. शीर्षकाचा बहुतेक भागही मुद्दाम कूटबद्ध आहे. मधल्याला वाचता आले नाही, तर तो त्यावर विसंबणार नाही आणि पुढचे बदल अडणार नाहीत.

२२/
इकडे पत्ते संपतच होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट पाच प्रादेशिक संस्थांना वाटले गेले. आशिया-प्रशांत विभागाचा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला अखेरच्या गटावर आला. मग सेवा देणाऱ्या कंपन्याच नॅट करू लागल्या. एप्रिल २०१२ मध्ये यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा गट राखला गेला. आता चाळीच्या कारकुनाच्या पुढे सबंध पेठेचा एक कारकून बसला.
तुमच्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता या गटातला दिसला, किंवा तेथला पत्ता आणि एखादे संकेतस्थळ तुम्हाला दाखवते तो पत्ता वेगळे निघाले, तर तुम्ही दोन नॅटच्या मागे आहात. मग घरच्या राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरचा माणूस घरातल्या सर्व्हरपर्यंत पोचत नाही, कारण दुसरी वही तुमच्या हातात नाही. विद्यार्थ्याने स्वतःच्या खोलीतून संकेतस्थळ चालवावे, ही मूळ रचनेतली अगदी साधी गोष्ट. तिच्यासाठी आज दुसऱ्याचा सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो.

२३/
भारताचा अनुभव येथे लक्षणीय आहे. आपल्याकडे इंटरनेटवर येणाऱ्यांचा मोठा लोंढा पत्ते संपल्यानंतरचा. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेले जिओचे जाळे आरंभापासून आयपीव्ही६ वापरत होते. आज भारतातील निम्म्याहून अधिक इंटरनेट-वापरकर्त्यांपर्यंत आयपीव्ही६ पोचले आहे आणि या बाबतीत आपण जगातल्या आघाडीच्या देशांत आहोत.
तरी भाषांतर संपलेले नाही. जुन्या पत्त्यांवरच्या संकेतस्थळांसाठी अशा अनेक मोबाइल जाळ्यांत फोन जुन्या पॅकेटचे नव्यात रूपांतर करतो आणि कंपनी पुन्हा जुन्यात. कायमचा उपाय येऊन पोचला, तरी नाव अजून पाण्यातच आहे.

२४/
मग न्याय कसा करायचा? नॅट नसते तर एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच पत्त्यांचा दुष्काळ पडला असता, आणि त्याची झळ सर्वप्रथम उशिरा आलेल्या देशांना, म्हणजे आपल्याला, बसली असती. सायबर कॅफेत ज्यांनी पहिला ईमेल लिहिला, त्यांतले कितीतरी जण या सोयीचे ऋणी आहेत. हे मान्य केलेच पाहिजे.
पण किंमतही मोजली गेली. नवा वाहतूक-नियम कोणीही रचावा आणि दोन टोकांवर चालवावा, हे स्वातंत्र्य गेले. क्विक यशस्वी झाला त्याला रचनेच्या गुणांबरोबर आणखी एक कारण होते. ज्या कंपनीने तो रचला, तिच्याकडे ब्राउझरही होता आणि सर्व्हरही. एससीटीपीच्या रचनाकारांकडे चांगली कल्पना होती, पण दोन्ही टोके नव्हती.

२५/
इतिहासात आपण ठराव, तह आणि लढाया शोधतो. येथे त्यांतले काहीच नाही. मे १९९४ चा एक छोटा दस्तऐवज, त्यातला प्रामाणिक ‘अल्पकालीन’ हा शब्द आणि त्यानंतर प्रत्येक घरात बसलेला एक डबा, एवढ्याने जाळ्याचे स्वरूप बदलले.
आज रात्री आपल्या राउटरचे पान उघडा आणि चालू जोडण्यांचा तक्ता मिळतो का ते पाहा. मिळाला तर नियमाच्या रकान्यात टीसीपी आणि यूडीपी यांखेरीज फारसे काही दिसणार नाही. का दिसत नाही, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. काय आढळले ते खाली अवश्य लिहा. पत्ते मात्र लिहू नका.

धागा समाप्त.